नावाला दोन माणसं

यांच्या बदलीचा हुकूम आला की मी तीन याद्या करते: न्यायच्या वस्तू, द्यायच्या वस्तू, टाकायच्या वस्तू. भांडी, पुस्तकं, गाद्या, शिवणयंत्र. दुपारपर्यंत सगळं घर कागदावर उतरतं. या वेळी लोखंडी कपाटाच्या तळाशी जुन्या पडद्यात गुंडाळलेला पाच सेलचा टॉर्च निघाला आणि काम अडलं. टॉर्च आमचा नाही. ज्यांचा होता ते वामनराव मोघे गेल्या पावसाळ्यात सांगलीला वारले. परत करायला माणूस नाही, दुसऱ्या कोणाला द्यावासा वाटत नाही, आणि टाकायला हात होत नाही. तेव्हा आधी मोघ्यांविषयी लिहून काढते. टॉर्चचं मग ठरवू.

कलकत्त्यात भवानीपूरच्या आमच्या घरात तळमजल्यावर घरमालकीण प्रतिमादी, मधल्या मजल्यावर आम्ही आणि वर दोन खोल्यांत मोघे, एकटे. त्यांची बायको आणि मुली सांगलीला. मुलींच्या शाळा मोडायच्या नाहीत म्हणून कलकत्त्याची बदली त्यांनी एकट्यानं काढली. केंद्र सरकारच्या ज्या कचेरीत ते होते तिथे ग्रहताऱ्यांच्या स्थानांची कोष्टकं तयार होत. दिवसभर आकडे. "आकड्यांत तारा नसतो हो वहिनी, त्याचा नुसता पत्ता असतो," ते म्हणायचे. "त्या पत्त्यावर राहतं कोण, ते लोकांनाच विचारावं लागतं."

आणि ते विचारत. उंच, किडकिडीत माणूस. थंडी पडली की इथल्या लोकांसारखी कानाखाली बटण लावायची माकडटोपी. अंगात सदैव तोच करडा स्वेटर. समोर कोणीही येवो, नाव-गाव झालं की तिसरा प्रश्न ठरलेला: "तुमच्या गावी त्या ताऱ्यांना काय म्हणतात?" टॅक्सीवाला, न्हावी, फेरीबोटीचा तिकीट फाडणारा, यांच्या बँकेचे मद्रासी साहेब, कोणी सुटलं नाही. हावड्याच्या फलाटावर हमालानं डोक्यावर आमची ट्रंक घेतलेली असताना त्यांनी त्याला सप्तर्षींबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला, "बाबूजी, पहले ट्रंक उतारने दीजिए, तब आसमान देखेंगे."

दारावरचा रामसेवक बलियाचा. त्यानं कृत्तिकांना 'कचपचिया' म्हटलं तेव्हा मोघे आठवडाभर आनंदात होते. तो शब्द ते जिन्यात पुटपुटत. सप्तर्षी रामसेवकाच्या मते ऋषी वगैरे काही नव्हते, ती खाट होती आणि मागचे तीन तारे म्हणजे खाट पळवायला आलेले चोर. "आणि आमच्याकडे सातपुड्यातल्या खेड्यांत ती म्हातारीची बाज," मोघे मला सांगत होते. "बघा, बलिया कुठे, सातपुडा कुठे! दोन्हीकडे खाट आणि दोन्हीकडे चोर. राजे-रजवाड्यांनी ऋषी बसवले. ज्याच्या घरात चोरण्यासारखं फक्त बाजलं होतं, त्यानं बाजलं ठेवलं."

बेंटिंक स्ट्रीटवर बूट शिवणाऱ्या चिनी कारागिराकडून त्यांनी त्याच सात ताऱ्यांची पळी आणली. पाय मोजता मोजता तो म्हणाला होता, राजाच्या कोठारातलं धान्य मोजायची ती पळी. मोघ्यांना ते पुरलं नाही. दुसऱ्या वस्तीतला, या चांभाराला न ओळखणारा चिनी माणूस त्यांना हवा होता. त्यासाठी त्यांनी बऱ्यापैकी असलेला एक दात चिनी दंतवैद्याला दाखवला. पळी पक्की झाली, दात गेला.

हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. एकानं सांगितलेलं नाव म्हणजे त्या माणसाची लहर. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी तेच सांगितलं, तरच ते नाव. "पहिल्या माणसाकडून त्याचं स्वतःचंच सगळं कळतं," ते म्हणत. "दुसरा मिळाला की कळतं, ताऱ्याला नाव आहे."

हे सगळं डोक्यात. मला असा बेबंदपणा सहन होत नाही. मी त्यांना एक कोरी वही आणून दिली, रकाने आखून. महिनाभरानं पाहते तर तिच्यात धोब्याच्या कपड्यांचा हिशेब. "लिहिलं की ऐकणं सुटतं," एवढंच म्हणाले. त्यांचा रात्रीचा डबा आमच्याकडून जाई: चार पोळ्या, भाजी, आमटी. भात नको. भातानं डोळे जड होतात आणि मग गच्चीवर जाववत नाही, ही तक्रार.

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक वर्ष कार्यक्रम ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. एका गायकाला ताप आला. त्या जागी मी मोघ्यांना बसवलं: 'प्राचीन माणसांचं आकाश', वेळ पाऊण तास. लोकांना वाटलं, राशिभविष्य. पुढच्या रांगेत एका काकूंनी मुलीची पत्रिकाही आणली होती. मोघे सरळ सप्तर्षींवर गेले. ऋषी, अस्वल, गाडा, मिसरात बैलाची तंगडी. मग म्हणाले, "अरबस्तानातल्या लोकांना तिथे तिरडी दिसली. हे चार तारे म्हणजे तिरडी आणि मागून शोक करत चाललेल्या तीन मुली. रोज रात्री त्या ध्रुवाभोवती चालतात. अजून पोचलेल्या नाहीत."

अध्यक्षांनी घसा साफ केला. पत्रिकावाल्या काकू उठून उभ्या राहिल्या. "अहो मोघे, बाप्पा बसलेत! सणासुदीला तिरडी कशाला काढता?"

"मी नाही काढली काकू. ज्यांच्या घरातून कोणी गेलं त्यांनी काढली," मोघे म्हणाले. "घरात जे असतं तेच माणूस वर ठेवतो. आणि घरात जे उरलेलं नसतं, तेही."

मी चहा जाहीर केला. दुसऱ्या वर्षीपासून त्यांचं नाव वक्त्यांच्या यादीतून वगळण्यात आलं, ते एकमतानं.

कलकत्त्यात एकच माणूस त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐके, आणि तो त्यांच्याशी भांडत असे: तोतन, प्रतिमादींचा मुलगा. प्रतिमादी लवकर विधवा झालेल्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. एवढा एकच मुलगा. कॉलेजात पदार्थविज्ञान, ओठांवर नुकती मिशी, पायांत झिजलेल्या चपला आणि बोलणं सुईसारखं. संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला जाई तेव्हा दोघांचं जुंपलेलं असे.

"मोघेबाबू, लोकांच्या पोटात भात नाही आणि तुम्ही तारे गोळा करताय!"

"तारे नाही, नावं."

"नावं पंडितांनी ठेवली. राजाच्या पैशानं. गुलाम काय म्हणत होते, ते कुठे आहे तुमच्या पोथ्यांत?"

मोघे खूश होऊन टोपीचं बटण सोडत. "तेच तर! पोथीत नाही म्हणून तर मी हमालाला विचारतो! मृग घे. आपण म्हणतो हरीण, पोटात बाण घुसलेलं. ग्रीकांना त्याच ताऱ्यांत शिकारी दिसला. तारे तेच."

"मग खरं कोण?"

"तू बाणाच्या कुठल्या टोकाला उभा आहेस त्यावर."

तोतन हसला नाही. "मी ठरवलंय कुठल्या ते," म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यापासून, क्रांतीच्या नावानं कॉलेजं सोडणाऱ्या मुलांबरोबर, तो खेड्यांत जाऊ लागला. भिंतींवर घोषणा चढल्या, गल्लीच्या तोंडाशी बॉम्ब फुटू लागले, सहानंतर दुकानं बंद. त्या दिवसांत मी घरच्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा दारामागे लिहून ठेवत असे. एकदा तोतन खूप दिवसांनी आला, काळवंडलेला. मोघ्यांना म्हणाला, "तुमचा प्रश्न मी तिकडे विचारला. ते हसले. म्हणाले, रात्री आम्ही पायाखाली बघतो बाबू, साप असतो." मोघे म्हणाले, "हेही उत्तरच आहे." मग तो दिसेनासा झाला. प्रतिमादी सांगत, जबलपूरला मामाकडे शिकतोय. गल्लीत सगळे "हो का, बरं झालं" म्हणत. जबलपूरला त्यांचा कोणी भाऊ नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं.

मोघ्यांना एक तारा छळत होता. हिवाळ्याच्या सुरुवातीला, दिवेलागणीनंतर दक्षिणेला एक ठळक तारा असतो. आजूबाजूला काही नाही, एकटा. मीही तो ओळखायला शिकले, कारण चुकायला दुसरं काही नसतंच तिथे. अरबांनी त्याला माशाचं तोंड म्हटलं, त्यांच्या आधी बाबिलोनच्या लोकांनी मासा. मोघ्यांचं म्हणणं, एवढ्या नद्या, एवढे कोळी, इथे त्याला नाव असणारच. बाजारात त्यांनी रुईचे तुकडे करणाऱ्या मासेवाल्याला विचारलं. तो सुरा न थांबवता म्हणाला, "दादा, माझा मासा बारा आण्याला खपत नाही, तुम्ही वरचा कशाला मागताय?" सगळा बाजार हसला. मोघेही हसले. "माशांच्या देशात माशाच्या ताऱ्याला नाव नाही! काय म्हणावं?"

एकाहत्तरचा डिसेंबर आला, युद्ध सुरू झालं आणि शहरात काळोख सुरू झाला. खिडक्यांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले, रस्त्यावर दिवा नाही. पौर्णिमा होऊन गेलेली, चंद्र उशिरा उगवे. त्या संध्याकाळी मोघ्यांना कलकत्त्यात पहिल्यांदा संपूर्ण आकाश मिळालं. "वहिनी, आत्ता मला बाबिलोनच्या माणसाला काय दिसत होतं ते कळतंय," ते म्हणाले. माणसं लढाईत मरत होती. हा माणूस मुलासारखा आनंदला होता, आणि त्याची लाजही त्यांना वाटत होती.

गल्लीतल्या एका घरी सीमेपलीकडच्या बरिसालहून पळून आलेलं कुटुंब उतरलं होतं. त्यात निवारण नावाचे म्हातारे होडीवाले होते. जन्मभर रात्रीच्या नद्या पार केलेला माणूस. मोघ्यांनी त्यांना चहाला बोलावलं आणि गच्चीवर नेलं. मी वाळत घातलेल्या मिरच्यांचं सूप उचलायला वर गेले होते, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

मोघे बोटानं दाखवत होते, "तो, एकटा, दक्षिणेचा." म्हाताऱ्याची नजर अधू. "कोन्टा बाबू? कोन्टा?" मोघ्यांनी त्यांचा खांदा वळवला, पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावरून बघायला सांगितलं. जमेना. त्या वेळी मोघ्यांनी स्वेटरच्या आतून टॉर्च काढला. तारे दाखवायला ते नेहमी तोच वापरत. त्याचा झोत काठीसारखा सरळ जाई. काचेवर त्यांनी नियमाप्रमाणे तपकिरी कागद लावलेला होता. तो त्यांनी सोलला आणि बटण दाबलं.

घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांचा धूर वर साचला होता. त्या धुरात झोत पांढऱ्या बांबूसारखा उभा राहिला. सगळ्या काळ्या शहरात तेवढाच उजेड.

"ओ," म्हातारे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "ओइटा? ओटा तो..." तो होय? तो तर...

"आलो नेभान! आलो!" खालून ओरडा झाला. दिवा विझवा, दिवा. आधी एक आवाज, मग वीस. कोणी तरी 'हेर, हेर' ओरडलं. मोघ्यांनी टॉर्च विझवला तोवर गल्लीत शिट्ट्या वाजत होत्या. निवारण जिन्याकडे धावले. ज्याला एका देशातून शिपायांनी हुसकलं होतं, तो शिट्टी ऐकून थांबणार नव्हता. दुसऱ्या दिवशी ते कुटुंबच दुसरीकडे हललं. कुठे, ते कोणाला कळलं नाही.

पोलीस त्याच रात्री आले ते हेर शोधायला. मोघ्यांनी टॉर्च पुढे केला आणि खरं ते सांगितलं. खरं सांगणं किती वाईट ऐकू येतं ते त्या दिवशी समजलं. "तारा दाखवत होतात? कोणाला? तो कुठे आहे?" मग त्यांनी घराची झडती सुरू केली. आमच्या गाद्या उसवल्या. शेवटी गच्चीवरची छोटी खोली, जिला इथे चिलेकोठा म्हणतात. तिला बाहेरून कुलूप होतं. किल्ली मागितली तेव्हा प्रतिमादी म्हणाल्या, हरवली. त्या इतक्या हळू बोलल्या की मला तिथेच समजलं.

कुलूप तोडलं. आत तोतन भिंतीला टेकून उभा होता. आईला भेटायला आलेला, दोन दिवसांपूर्वी. आम्ही उभे होतो तिथून चार हातांवर. गच्चीवरचं सगळं बोलणं त्यानं आतून ऐकलेलं होतं. त्याला दोन्ही दंडांना धरून नेताना तो मोघ्यांसमोर क्षणभर अडला आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मोघेबाबू, नामटा पेलेन?"

नाव मिळालं का?

मोघ्यांनाही नेलं. त्यांच्या साहेबांनी ओळख दिल्यावर सकाळी सोडलं. तोतनबद्दल ठाण्यावर सांगितलं, असा मुलगा आम्ही आणलाच नाही. काही दिवसांनी सांगितलं, आणला होता, गाडीतून उडी मारून पळाला. कुठे पळाला ते कागदावर नव्हतं. प्रेत मिळालं नाही. मुलगाही मिळाला नाही.

गल्लीनं मोघ्यांना दोष दिला नाही. रामसेवक तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाबूजी, खबर पहले से थी. बत्ती न जलती तो भी आते." अनेकांनी तेच सांगितलं. कदाचित खरंही असेल. मोघे ऐकून घेत. एकदाच मला म्हणाले, "खबर असेल वहिनी. शहरात घरं लाख आहेत. त्यांतलं हे, असं कोणी दाखवलं?" मी पाहिलं, चार पोळ्यांतल्या दोन परत येऊ लागल्या. मग मी दोनच पाठवू लागले. त्यातली एक परत येई.

टॉर्च काही आठवड्यांनी पोलिसांनी परत केला. मोघ्यांनी तो जिन्यातच माझ्या हातात दिला, "ठेवा कुठे तरी," आणि वर गेले. गच्चीवर जाणं थांबलं. लोकांना विचारणं थांबलं. हावड्याला नवा हमाल भेटला, म्हणाला मी छपरा जिल्ह्याचा. मोघे नुसते "अच्छा" म्हणाले. मला वाटतं, त्या एका "अच्छा"नं मला जितकं वाईट वाटलं तितकं दुसऱ्या कशानं नाही.

एक मात्र सुरू झालं. प्रतिमादी दर शनिवारी निघत: ठाणं, तुरुंगाचं फाटक, कोणत्या तरी मोठ्या कचेरीची पायरी. मोघे त्यांच्या मागून चार पावलं अंतर ठेवून जात. अर्ज इंग्रजीत लागत, ते मोघे लिहीत. रांगेत उभं राहायचं ते मोघे राहत आणि खिडकीशी पोचल्यावर बाजूला होत. प्रतिमादी त्यांच्याशी एक शब्द बोलत नसत. 'येऊ नका' असंही म्हणत नसत. मी गॅलरीतून दोघांना परतताना बघे: पुढे पांढरी साडी, मागे करडा स्वेटर. अरबांच्या त्या मुली मला आठवत. मी लगेच कामाला लागत असे.

असे तीन हिवाळे गेले. तिसऱ्यात, एका संध्याकाळी, प्रतिमादी वर आल्या. मोघ्यांच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "चला. मला दाखवा."

"काय?"

"ज्याच्यासाठी दिवा लावलात तो."

मोघे माझ्याकडे बघू लागले. मी त्या वेळी डबा द्यायला आले होते. तिघं गच्चीवर गेलो. शहरात आता रस्त्यावरचे दिवे होते, आकाश फिकट झालं होतं, पण तो होता, टाकीच्या कोपऱ्यावर. मोघ्यांनी हात वर केला नाही. हात पाठीमागे बांधून, नुसत्या शब्दांत त्यांनी तो दाखवला. प्रतिमादींना लगेच सापडला. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"नाव काय त्याचं?"

"मिळालं नाही," मोघे म्हणाले. "तोच सांगत होता म्हातारा. तेवढ्यात..."

"मग मी देते. तोतन."

आणि मोघ्यांच्या तोंडून, कोणाला काही कळायच्या आत, इतक्या वर्षांची सवय बाहेर पडली: "दीदी, एका माणसानं दिलेलं नाव धरता येत नाही. दोन माणसं लागतात."

बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी मान फिरवली.

प्रतिमादी चिडल्या नाहीत. त्यांनी नीट विचार केल्यासारखं केलं. "एका माणसाच्या उजेडावर मुलगा नेता येतो, मोघेबाबू," त्या म्हणाल्या, "आणि नावाला दोन माणसं लागतात?" मग पदर सावरून खाली गेल्या.

त्यानंतर त्या कामाला लागल्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. शिवणाच्या वर्गातल्या मुलींना सांगितलं. गल्लीतल्या बायका संध्याकाळी गच्चीवर पोरांना भात भरवत, त्यांना सांगितलं. लोकलगाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बायांना सांगितलं, ट्राममध्ये सांगितलं. मुलगा कोण, काय झालं, यातलं काही नाही. खिडकीतून दक्षिणेकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, तो एकटा आहे ना, तो तोतन. लोकांना वाटे, बाई जरा भ्रमिष्ट आहे. पण नाव सोपं होतं, लहान होतं, पोरांच्या तोंडी बसत होतं. आमच्या गल्लीतली पोरं सहज म्हणू लागली, तोतन निघाला, चला घरी.

मोघे ते ऐकत आणि मान हलवत. "हे सगळे एकाच तोंडाचे," मला म्हणाले. "ही माणसं धरायची नाहीत." त्यांना ती धरायची होती, हे मला दिसत होतं. नियम मोडून त्यांनी एकदा 'धरतो' म्हटलं असतं तर प्रतिमादींना बरं वाटलं असतं की नाही, कोण जाणे. पण खोटा दुसरा माणूस उभा करून ते नाव त्यांनी दिलं असतं तर ते नाव राहिलं नसतं, नुसतं सांत्वन झालं असतं. मला हे तेव्हा कळलं नाही. तेव्हा मी त्यांना सरळ दगड म्हटलं होतं, तोंडावर. त्यांनी ते मान्य केलं.

सत्त्याहत्तर संपता संपता मोघे निवृत्त झाले. त्यांच्या सामानाची बांधाबांध मी केली. दोन ट्रंका, एक वळकटी. प्रतिमादींचा निरोप घ्यायला ते तळमजल्यावर गेले तेव्हा मी बाहेर थांबले. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात नारळाच्या लाडवांची पुडी होती.

संध्याकाळी मुंबईच्या मेलवर त्यांना पोचवायला मीच गेले. यांच्या बँकेत ऑडिट होतं आणि यांना सुट्टी नव्हती. टॅक्सी हावड्याचा पूल चढत असताना मी त्यांना सांगितलं. मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवलं होतं, आधी स्वतः खात्री करून घ्यायची म्हणून.

मागच्या महिन्यात मी बराकपूरला गेले होते, यांच्या बँकेतल्या एकांच्या घरी बारशाला. दिवे लागल्यावर त्यांची आया मोठ्या मुलाला कडेवर घेऊन नदीकडच्या व्हरांड्यात उभी होती. मुलगा रडत होता. तिनं नदीच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं आणि म्हणाली, "ओइ देखो, तोतन." तिथे तो होता. एकटा.

मोघे सरसावून बसले. मी त्यांना असं बघितल्याला सहा वर्षं झाली होती.

"बाई कुठल्या गावची?"

"नदिया जिल्हा. गावाचं नाव लिहून आणलंय."

"भवानीपूरला कधी आली होती?"

"कधीच नाही. कलकत्ता एकदाच पाहिलंय, कालीघाटला, लहानपणी."

"प्रतिमादींना ओळखते?"

"नाही. मी नाव घेऊन विचारलं."

"तिनं कुठे ऐकलं?"

"तिला वाटतं, गावाकडे. म्हणाली, ते तर त्याचं नावच आहे. सगळे म्हणतात."

"तोतन कोण, हे माहीत होतं तिला?"

"नाही. म्हणाली, असेल कोणी तरी जुन्या काळचा. आईनं शोधत शोधत तिथे पाठवला असेल."

मोघ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कपाळ घामेजलं होतं, डिसेंबरात.

फलाटावर मी ट्रंका मोजून आत ठेवून घेतल्या, डबा दिला, पाण्याचा फिरकीचा तांब्या दिला. टॉर्चही आणला होता. तो पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "आत्ता नको," म्हणाले. "दुसरा माणूस मिळाला तर पाठवा."

तो मला अजून मिळालेला नाही. मी विचारते. कोणी नवं भेटलं की तिसरा प्रश्न मीही तोच विचारते, आणि विचारताना त्याचं नाव आपल्या तोंडून जाऊ देत नाही. आता आमची बदली नागपूरला. टॉर्च मी 'न्यायच्या वस्तूं'त लिहिला आहे, पितळी समईच्या खाली.

गाडी हलली तेव्हा मोघे खिडकीशी होते. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. गजांतून एक बोट बाहेर काढून ताठ वर धरलं होतं. वर फलाटाचं पत्र्याचं छप्पर होतं, म्हणजे दाखवत काही नव्हते.

"आई धरायची नाही," ते चाकांच्या आवाजावर ओरडले. "पण एक झालं, वहिनी. एक झालं."